पाहुणे गेल्यावर

साठवण हा बायकांचा धर्म आहे, असं आमच्या आजेसासूबाई म्हणायच्या. कोकणातल्या त्यांच्या माजघरात एका हाताने उचलता येणार नाहीत अशा बरण्या ओळीने मांडलेल्या असत. मिठातल्या कैऱ्या, चिंचेचे गोळे, कुळथाचं पीठ, वाळवलेली आमसुलं. आणि सगळ्यांत मागे, कुणाच्या नजरेस येऊ नये अशा बेताने, तुरीच्या डाळीचा डबा. त्या डब्यात डाळीखाली एक पुरचुंडी असे. पुरचुंडीत किती पैसे आहेत हे आजेसासऱ्यांनी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. घरावर प्रसंग आला की डाळीचा डबा खाली उतरतो, एवढं मात्र सगळ्या घराला ठाऊक होतं.

आता माजघरं गेली. पापड-कुरडया दुकानात मिळू लागल्या आणि आमच्या पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बरणी ठेवायला जागाही उरली नाही. साठवण नावाची गोष्ट आपल्या हातून कायमची सुटली, असं मी धरून चालले होते. तोच एके दिवशी बंगळूरहून मुलीचा फोन आला. आमच्या घरात अठरा हजार सहाशे पॉइंट साठलेले आहेत आणि ते ३१ जुलैला खराब होणार आहेत, असं तिने मला सांगितलं. ‘खराब’ हा शब्द तिचा नव्हे, माझा. ती ‘एक्स्पायर’ म्हणाली होती. पण लोणच्यावर बुरशीचा पहिला ठिपका दिसला की छातीत जसं धस्स होतं तसंच मला झालं. म्हणून मी आपला माझाच शब्द वापरते.

हे पॉइंट म्हणजे विमानप्रवासाचे. वारंवार प्रवास करणाऱ्या गिऱ्हाइकाने आपल्याच विमानात बसावं म्हणून कंपनी त्याच्या नावावर प्रत्येक प्रवासाचे काही पॉइंट मांडून ठेवते आणि पुरेसे जमले की त्यांवर तिकीट देते. आपला वाणी वर्षभराच्या गिऱ्हाइकाला दिवाळीला उटण्याची पुडी देतो, त्याच जातीची ही रीत. फरक एवढाच की पुडी वाणी आपण होऊन हातावर ठेवतो आणि पॉइंटांची आठवण गिऱ्हाइकाने ठेवावी लागते. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवणारा कायदा झाला. कंपन्यांची आपसांत चढाओढ लागली आणि हातचं गिऱ्हाईक धरून कसं ठेवावं, याची विवंचना सुरू झाली. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशाने किती मैल प्रवास केला ते मोजून त्याच्या खात्यावर मांडायची योजना काढली आणि बाकीच्या कंपन्यांनी तिच्यामागोमाग तोच कित्ता गिरवला. म्हणून या पॉइंटांना पुष्कळ ठिकाणी अजूनही ‘माइल’ म्हणतात. आता तर विमानात पाऊल न ठेवता, कार्डावर तेल-साबण विकत घेऊनही माइल जमतात. कारण विमानकंपन्या हे पॉइंट बँकांना चक्क विकतात आणि बँका ते आपल्या गिऱ्हाइकांना वाटतात. वाण्याच्या डोक्यात हे कधी आलं नसतं.

या व्यवहारात मला एक मोठी गंमत वाटते. तिकिटाचे पैसे भरतो मालक. विमानात बसतो नोकर. आणि पॉइंट जमा होतात ते नोकराच्या नावावर. मालक त्यावर हक्क सांगत नाही, कारण दौऱ्यावर जाणाऱ्या माणसाने घर सोडलेलं असतं आणि त्याची थोडी भरपाई त्याला मिळावी असं तोही मनातून मानत असावा. इथवर माझंही ऐकणं होतं. पण घर सोडणारा एक असला, तर ते घर धरून ठेवणारं कुणीतरी दुसरं असतं. त्याचं खातं कोणत्या कंपनीत?

आमचे हे पाण्याचे पंप करणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. पंप विकले जात गावोगाव आणि ते बसवायला, बिघडले तर उघडायला हे जात. महिन्यातले बारा-चौदा दिवस दौरा ठरलेला. सव्वीस वर्षांत मी कोइमतूर, रायपूर, गुवाहाटी ही नावं शेजारच्या गल्ल्यांसारखी घेऊ लागले, पण त्यांतलं एकही गाव मी पाहिलं नाही. इकडे मुलीची शाळा, सासूबाईंची दुखणी, माझी शिक्षिकेची नोकरी आणि रविवारी न येणारं पाणी यांचा माझा दौरा घरातल्या घरात चालू असे.

तक्रार म्हणून हे सांगत नाही. दौऱ्यावरच्या माणसाच्या बायकोला काय सुख असतं, ते रोज साडेसहाला घरी येणाऱ्या माणसाच्या बायकोला कळायचं नाही! हे यायचे त्या दिवशी आमच्या घरात हंगाम सुरू व्हायचा. पलंगावर धुतलेली चादर, जेवायला भरली वांगी, मुलीच्या वह्यांना नवी कव्हरं. दोन दिवस कुणाचा आवाज चढायचा नाही. दोन दिवसांच्या पाहुण्याशी भांडतं कोण? मग तिसऱ्या दिवशी पहाटे टॅक्सी यायची, दार लागायचं आणि घर सैल पडायचं. त्या रात्री आम्ही तिघीजणी, सासूबाई, मुलगी आणि मी, पिठलं-भात करून कढईभोवती जमिनीवर बसून जेवत असू. हे नसल्याचं वाईट वाटत असे आणि ते पिठलंही गोड लागत असे. दोन्ही खरं.

गेल्या नोव्हेंबरात हे निवृत्त झाले. सासूबाई दोन वर्षांपूर्वीच गेल्या, मुलगी नोकरीला बंगळूरला. घरात आम्ही दोघंच. पहिले पंधरा दिवस हंगाम थाटात चालला. मग माझ्या ध्यानात आलं की या खेपेला पाहुणे जाणार नाहीत! रोज भरली वांगी कोण करणार? यांनाही चमत्कारिक वाटत असावं. सकाळी चहा झाला की हे विचारत, “आज काय बेत?” बेत काहीच नसे. मग हे फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावत आणि मी ते माझ्या हाताच्या सवयीप्रमाणे परत लावत असे. दोघंही एकमेकांशी फार अदबीने वागत होतो. न्हाणीघरातल्या खुंटीवर यांची दौऱ्याची पिशवी तशीच टांगलेली होती. आत दाढीचं सामान, डबीतला साबण, ब्रश. दाढी करायची की हे पिशवी उघडत, काम झालं की सगळं पुसून आत ठेवत आणि चेन ओढून पिशवी पुन्हा खुंटीला लावत. आठ महिने मी ती पिशवी पाहत होते आणि काही बोलत नव्हते.

अशा वेळी ते पॉइंट निघाले. हे म्हणाले, “जाऊ देत, याआधीही कितीतरी बाद झालेत.” मी म्हटलं, “ते तुमचे होते. यांत निम्मे माझे आहेत. माझा वाटा मी कुजू द्यायची नाही.” हे माझ्याकडे पाहतच राहिले.

मुलीने फोनवर खूप शोधाशोध केली. पॉइंटांवर मिळणाऱ्या जागा मोजक्याच असतात. सगळं जग जेव्हा प्रवासाला निघतं तेव्हा त्या दिसेनाशा होतात. दिवाळी, नाताळ, मे महिना यांची नावंच काढायची नाहीत. शिवाय फुकटच्या तिकिटालाही विमानतळाचं शुल्क आणि कर रोख भरावे लागतात, हे ऐकून मला माहेरच्या आहेराला द्याव्या लागणाऱ्या परतफेडीची आठवण झाली. अखेर मुलगी म्हणाली, “आई, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून गोव्याला दोघांच्या जाऊन-येऊन जागा आहेत. तीन रात्री. पण ऐन पावसात.”

“पावसात तर पावसात,” मी म्हटलं.

शेजारच्या वहिनींनी कपाळाला हात लावला. “गोव्याला जुलैत? तिथे काय बघणार? पाऊस तर आपल्या गॅलरीतही पडतो!” तसं पाहिलं तर त्यांचं खरं होतं. गोव्याला वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला मोठा हिस्सा जून-जुलैतच कोसळतो. मुंबईहून पणजीला बोट जात असे त्या काळी पावसाळ्याचे चार महिने ती बंदच ठेवत. पण यांनी एव्हाना कागद घेऊन तीन दिवसांचं वेळापत्रक आखायलाही घेतलं होतं: नऊ ते अकरा देवालयं, अकरा ते एक चर्च. आठ महिन्यांत यांच्या चेहऱ्यावर प्रथमच दौऱ्याची कळा आली.

विमानात हे नेहमी कडेच्या जागेवर बसत, उतरायला लवकर मिळावं म्हणून. हे मला तेव्हा कळलं. या खेपेला खिडकी मला दिली आणि हे मधल्या जागेवर बसले. ढगांतून विमान वर आलं तेव्हा माझ्या खांद्यावरून वाकून हे म्हणाले, “केवढं पांढरं आहे गं!” सव्वीस वर्षं विमानात बसलेल्या माणसाने हे म्हणावं, याचं मला नवल वाटलं आणि बरंही वाटलं. तासाभरात उतरलोसुद्धा. पूर्वी गोव्याला एकच विमानतळ होता, दाबोळीचा; पेडणे तालुक्यात मोपाच्या पठारावरचा हा दुसरा २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. बाहेर पाहिलं तर तांबडा कातळ, त्यावर हिरवं गवत आणि वर पाऊस. याखेरीज जगात दुसरं काही नाही.

टॅक्सीवाला बोलका होता. “बरं केलंत आत्ता आलात,” तो म्हणाला. “सीझनला आम्हांला गोवा दिसतच नाही. समोरच्या गाडीची नंबरप्लेट तेवढी दिसते.” त्याने आम्हांला जुन्या गोव्यात मांडवीच्या धक्क्यावर सोडलं. तिथून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जायचं. पायी जाणाऱ्याला तिकीटही नाही. नदी दुथडी भरून, दुधाळ चहाच्या रंगाची, वाहत होती. बोटीवर दोन शाळकरी मुलं, केळींचे घड घेतलेला एक म्हातारा, चार स्कूटरी आणि आम्ही. आमच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. प्रवाशाला असं कुणी न पाहणं किती सुखाचं असतं!

मुलीने आम्हांला एका घरात उतरायची सोय केली होती. जुनं कौलारू घर, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं आणि पुढच्या बाजूला दोन्हीकडे दगडी बाकं असलेला सोपा, ज्याला तिथे बाल्कांव म्हणतात. घरमालकीण सत्तरीच्या घरातली ख्रिस्ती बाई. तीन खोल्या ती पाहुण्यांना देते, पण त्या आठवड्यात आम्हीच दोघं होतो आणि डिसेंबरच्या निम्म्याहूनही कमी पैशांत होतो. आम्हांला पाहून ती थोडी ओशाळली. तिने चांगले पडदे धुऊन बांधून ठेवले होते, गाद्या गुंडाळून माचीवर चढवल्या होत्या. ठेवणीतल्या बशा कपाटात, आणि अंगावर घरचा विटका झगा. ती काहीतरी सबबी सांगू लागली. पण मला ते घर पहिल्या पावलाला ओळखीचं वाटलं. पाहुणे गेल्यावरचं घर! टॅक्सी गेल्यावर, दार लागल्यावर आमचं व्हायचं, तसं. मी तिला म्हटलं, “बाई, बशा काढू नका. तुम्ही ज्यात जेवता त्यातच आम्हांला वाढा.” तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, “बस गो बाये.”

आणि मग मला तिची कोठीची खोली पाहायला मिळाली. त्याचं असं झालं, की ताजी मासळी नाही म्हणून ती हळहळत होती. गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. पुष्कळशी मासळी या दिवसांत अंडी घालते, तिला तेवढी उसंत मिळावी म्हणून. मी म्हटलं, “मग तुम्ही काय खाता?” त्यावर तिने मला हाताला धरून आत नेलं. मिठातल्या कैऱ्यांच्या बरण्या, चिंचेचे गोळे, आमसुलं, सुक्या मिरच्या, फणसाचे पापड, खारवलेले बांगडे, सुकी सुंगटं. मी उंबऱ्यातच थबकले. आजेसासूबाईंचं माजघर मांडवी ओलांडून इथे येऊन बसलं होतं! “हें पुरुमेंत,” ती म्हणाली. पोर्तुगीज भाषेतल्या बेगमी या अर्थाच्या ‘प्रोव्हिमेंतु’वरून हा शब्द कोकणीत आला. पावसाळ्याच्या तोंडावर मडगावला पुरुमेंताचं फेस्तच भरतं आणि लोक चार महिन्यांची बेगमी करून घरी परततात. रात्री उकड्या तांदळाची पेज, मिठातली कैरी आणि सुक्या सुंगटांची किसमूर असं जेवण झालं. आमच्या पॉइंटांची गोष्ट मी तिला सांगितली, तेव्हा तिला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. “तें तुमचें पुरुमेंत,” ती म्हणाली आणि पेज वाढायला उठली.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रकाने नऊच्या ठोक्याला मान टाकली. पाऊस असा पडत होता की समोरचा माड दिसेना. पोदेर मात्र आला. सायकलवरच्या टोपलीला निळं प्लॅस्टिक गुंडाळून, भोंगा वाजवत. गरम उंडे घेऊन आम्ही बाल्कांवातल्या बाकांवर समोरासमोर बसलो. “आज काय बेत?” यांनी सवयीने विचारलं आणि मग स्वतःच हसले.

दुपारी जरा उघडलं तेव्हा शेतांच्या बाजूने फिरायला गेलो. दिवाडीच्या भोवती खाजनं आहेत. म्हणजे खाडीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली भातशेती. बायका गुडघाभर चिखलात लावणी करत होत्या. बांधात एके ठिकाणी लाकडी झडपांचा दरवाजा दिसला. त्याला मानस म्हणतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते आणि खारं पाणी बाहेरच राहतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून वाहून जातं. हे तिथे छत्री धरून उभे राहिले ते हलेनातच. “पंप नाही, वीज नाही, माणूस नाही,” हे म्हणाले. “नदीच दार लावते आणि नदीच उघडते.” मग यांनी मला पंपाची झडप कशी असते ते सांगायला सुरुवात केली. रायपूरच्या एका पंपाची झडप अडकली होती आणि तीन दिवस ती का अडकते ते कुणाला उमगेना. शेवटी आत एक रबरी चेंडू निघाला. हे सांगताना यांचे हात हवेत पंप उघडत होते. यांचे हात काम करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

परतल्यावर पुन्हा पावसाने झोड उठवली. यांच्या खिशात मुलीने छापून दिलेला पॉइंटांचा उतारा होता. तारीख, कुठून कुठे, किती पॉइंट. तीन वर्षांच्या ओळी. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी तो मोठ्याने वाचू लागले आणि बघता बघता एक खेळच सुरू झाला. एक ओळ वाचायची; तिकडे काय झालं ते यांनी सांगायचं आणि त्याच दिवसांत इकडे काय झालं ते मी सांगायचं. पुणे ते चेन्नई. तिकडे हॉटेलात वीज गेली होती आणि यांनी अंधारात दुसऱ्याच माणसाचा बूट घालून कारखाना गाठला होता. इकडे दिवाळीच्या आदल्या दिवशी गॅलरीतून एक वानर आत शिरलं आणि बेसनाचे सतरा लाडू घेऊन गेलं होतं. “म्हणूनच त्या वर्षी लाडू मोजके!” हे एकदम उद्गारले. पुणे ते रायपूर, रबरी चेंडू. इकडे मुलीचं पहिलं नोकरीचं पत्र आलं आणि आनंदात आम्ही तिघींनी रात्री अकरा वाजता शिरा केला. यांना बातमी तेव्हाच कळली होती. शिरा नव्हता कळला. फोनवर माणूस बातमी सांगतो. शिरा सांगायचा राहतो.

मग एक ओळ आली: गुवाहाटी ते पुणे, मध्ये कोलकाता. नऊशे पॉइंट.

ती तारीख दोघांनाही पाठ होती. मी कागद खाली ठेवला. थोड्या वेळाने यांनीच सांगायला सुरुवात केली. मी फोन केला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि पहिलं विमान सकाळचं. हे रात्रभर विमानतळावरच्या खुर्चीत बसून होते; समोर एक मुलगा फरशी पुसत होता, त्याने न मागता चहा आणून दिला. ते ऐकून मी माझी बाजू सांगितली. त्या रात्री सासूबाई दर तासाला विचारायच्या, “आला का गं?” आणि मी दर तासाला म्हणायचे, “विमानात बसलेत, येतीलच आता.” रात्री बाराला म्हटलं, दोनला म्हटलं, चारला म्हटलं. त्या प्रत्येक वेळी “बरं” म्हणून डोळे मिटत. सकाळी हे पोचले तेव्हा त्या शुद्धीवर होत्या. यांचा हात धरून त्या म्हणाल्या, “रात्रभर विमानात अवघडला असशील, जरा आडवा हो.” त्या वाक्याचा अर्थ यांना दोन वर्षं लागला नव्हता. तापात काहीतरी बोलली असेल, असं समजून चालले होते. आता तो लागला.

पाऊस लागून राहिला होता. घरमालकीणबाईने काही न विचारता दोन कप चहा आणून बाकावर ठेवला. “देव बरें करूं,” हे म्हणाले. आदल्या दिवशी तिच्याकडूनच शिकले होते. मग आम्ही उताऱ्याच्या उरलेल्या ओळी वाचल्या. सगळ्या वाचल्या. अठरा हजार सहाशे पॉइंटांचा हिशेब संध्याकाळी दिवे लागेपर्यंत पुरला.

तिसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्या बाजूची फेरीबोट धरून नार्व्याला गेलो. सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचं कुलदैवत. त्याचं मूळ स्थान दिवाडीवर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं आणि देव नदीपलीकडे डिचोली महालात नार्व्याला नेला गेला. तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करवला. उतरत्या कौलांचं, दाट झाडीतलं ते लहानसं देऊळ पाहिलं की बांधणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा कळतो. देवळात पुजारी आणि आम्ही, एवढीच माणसं. पागोळ्यांखाली उभे राहून आम्ही अर्धा तास दीपस्तंभ भिजताना पाहिला. वेळापत्रकात या देवळाला दहा मिनिटं दिलेली होती.

समुद्रही पाहिला, पण ओझरता. मिरामारच्या किनाऱ्यावर लाल बावटे लागले होते आणि पाण्यात उतरू नका असं रक्षक सांगत होते. गढूळ, फेसाळ लाटा नुसत्या अंगावर येत होत्या. हिवाळ्यात किनाऱ्याकिनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या खाणावळींच्या झोपड्या पावसापूर्वीच मोडून ठेवलेल्या असतात. जगातले लोक ज्यासाठी हजारो मैल येतात तो समुद्र त्या दिवशी दार लावून आपल्या घरात होता. आम्ही लांबूनच त्याला नमस्कार केला.

तेव्हापासून मला वाटतं, कोणत्याही गावाला दोन ऋतू असतात. एक पाहुण्यांचा आणि एक घरच्या माणसांचा. पाहुण्यांच्या ऋतूत गाव चांगले कपडे घालून दारात उभं असतं. त्यात खोटं काही नाही. आपणही तसे उभे राहतोच. पण त्या गावाची कोठीची खोली पाहायची, त्याच्या घरच्या ताटात जेवायचं, तर पाहुणे गेल्यावरच जायला हवं. माणसांचंही काही वेगळं नसावं. सव्वीस वर्षं हंगामात भेटलेली दोन माणसं बिनहंगामात एकमेकांना ओळखतील की नाही, अशी धाकधूक मला आठ महिने होती. ती दिवाडीच्या बाल्कांवात केव्हा ओसरली ते कळलंही नाही.

विमानकंपनीचा नवा उतारा आला, तेव्हा खात्यावर दोनशे पॉइंट शिल्लक होते. तेवढ्यात काहीच मिळत नाही. मुलगी म्हणाली, जातील ते. मी म्हटलं, जाऊ देत.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी न्हाणीघर धुवायला गेले, तर खुंटी रिकामी. दाढीचा ब्रश आरशाखालच्या फळीवर माझ्या फणीशेजारी उभा होता. साबण डबीतून निघून सरळ कोनाड्यात बसला होता. पिशवीच्या तळाशी सव्वीस वर्षांतले हॉटेलांचे लहान लहान साबण निघाले, चौतीस. ते यांनी एका परातीत मांडून माझ्यापुढे ठेवले आणि विचारलं, “याचं काय करायचं गं?”

“वापरायचे,” मी म्हटलं. “रोज एक. नरकचतुर्दशीच्या पहाटेला मात्र मोती साबण लागेल, तो मी आणून ठेवलाय. आणि अहो, आज पिठलं आहे. चालेल ना?”

“कढईतच राहू दे,” हे म्हणाले. “ताटं घेऊ नकोस.”